माया आणि मालकी

एखाद्या गोष्टीवर मन जडले की ती आपल्यापाशी असावी, असे माणसाला वाटू लागते. फूल आवडले की ते खुडावेसे वाटते. पाखरू आवडले की पिंजऱ्याचा विचार मनात डोकावतो. एखादे गाव आवडले की तेथे दोन गुंठे जागा मिळेल काय, याची चौकशी सुरू होते. ही ओढ इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक आहे की, माया आणि मालकी ही एकाच भावनेची दोन नावे असावीत असा समज सहज होतो. परंतु त्या खरोखर एक आहेत काय? जे आपले नाही, आपले होणारही नाही, त्यावर मनापासून माया करता येते काय? आणि करता आली, तर ती माया आपल्याकडून काय मागते? महाराष्ट्राबाहेर, दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलविणाऱ्या आपणां नोकरदारांना हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातला वाटण्याचे कारण नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी एक अगदी साधी वस्तू घेतो. लहान मुले जे कापडी अस्वल कुशीत घेऊन झोपतात, ते टेडी बेअर. नीतीच्या चर्चेत खेळणे आणल्याबद्दल वाचकांनी हसू नये. या खेळण्याचा जन्मच मुळी एका नैतिक प्रसंगातून झालेला आहे.

१९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यातील रानात अस्वलाच्या शिकारीस गेले होते. वाटाड्या होता होल्ट कॉलियर नावाचा कृष्णवर्णीय शिकारी. गुलामगिरीत जन्मलेला आणि त्या रानाची खडान्‌खडा माहिती असलेला. राष्ट्राध्यक्षांना शिकार काही मिळेना. शेवटी कॉलियरच्या कुत्र्यांनी एक अस्वल गाठले. झटापटीत अस्वल कुत्र्यांवर उलटले, तेव्हा कॉलियरने बंदुकीचा दस्ता घालून त्याला बधिर केले, झाडाला बांधले आणि राष्ट्राध्यक्षांना बोलावणे धाडले. रूझवेल्ट आले, त्यांनी ते जखडलेले जनावर पाहिले आणि त्याच्यावर गोळी झाडण्यास नकार दिला. बांधलेल्या प्राण्याला मारणे शिकाऱ्याला शोभत नाही, ही त्यांची भूमिका. कथेचा एवढा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. अस्वल फार जखमी झाले होते. त्याच्या यातना संपवाव्यात अशी आज्ञा रूझवेल्ट यांनीच दिली, आणि ते सुरीने मारण्यात आले.

१६ नोव्हेंबर १९०२ रोजी क्लिफर्ड बेरीमन या व्यंगचित्रकाराने या नकाराचे चित्र ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकात प्रसिद्ध केले. पुढे हेच चित्र त्याने पुनःपुन्हा काढले, तेव्हा त्यातले अस्वल लहान, गोल आणि भाबड्या डोळ्यांचे होत गेले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मॉरिस मिचटम नावाचे एक दुकानदार गोळ्या-मिठाई विकत असत. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी रोझ यांनी कापडाचे अस्वल शिवून दुकानात मांडले आणि त्याला राष्ट्राध्यक्षांच्या ‘टेडी’ या लाडक्या नावाची जोड दिली. सुमारे त्याच सुमारास जर्मनीतील गींगेन या छोट्या गावी मार्गारेट श्टाइफ यांच्या कारखान्यात त्यांचा पुतण्या रिशार्ट याने हातपाय हलणारे अस्वल तयार केले. १९०३ साली लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने त्याचे तीन हजार नग मागविल्याचे सांगतात. या मार्गारेटबाई लहानपणी पोलिओने पांगळ्या झालेल्या. पाय गेलेले, उजव्या हातात बळ कमी. १८८० साली त्यांनी टाचण्या खोचण्यासाठी लोकरी नमद्याचा एक हत्ती शिवला. बायकांनी त्यात टाचण्या खोचाव्यात अशी कल्पना. परंतु मुलांनी तो पळविला आणि खेळायला घेतला. तेथून त्या कारखान्याच्या खेळण्यांची सुरुवात झाली.

आता प्रश्न असा की, रूझवेल्ट यांच्या नकारात दया किती आणि शिकाऱ्याचा मानपान किती? हेच गृहस्थ १९०९ साली आफ्रिकेत गेले आणि त्यांनी व त्यांच्या मुलाने मिळून पाचशेंहून अधिक मोठी जनावरे मारली. उलट, अमेरिकेतील कितीतरी राने आणि पक्ष्यांची आश्रयस्थाने त्यांच्याच सहीने राखली गेली, हेही तितकेच खरे. माणूस असा सरळ रेषेत मावत नाही. परंतु मला त्यांच्यापेक्षा त्या अस्वलाची अधिक चिंता वाटते. जग त्याच्या प्रतिमेच्या प्रेमात पडले. त्याच्या जातीचे काय झाले? मिसिसिपीच्या त्या सखल प्रदेशातले रान शेतीसाठी तुटत गेले. तेथील काळ्या अस्वलांची संख्या इतकी घटली की, १९९२ साली अमेरिकन सरकारला त्या पोटजातीची नोंद संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत करावी लागली. पुष्कळ खटपटीनंतर २०१६ साली ती नोंद काढता आली. मधल्या नव्वद वर्षांत घरोघरी, उशाउशाशी अस्वले निजत होती; खऱ्या अस्वलाला मात्र पाठ टेकायला रान उरत नव्हते.

यावर एखादा कठोर टीकाकार म्हणेल की, हे प्रेम म्हणजे शुद्ध ढोंग. प्रतिमेला कुरवाळायचे आणि मूळ वस्तूकडे पाठ फिरवायची, ही माणसाची जुनीच खोड. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तथापि तो मला पुरता पटतही नाही. त्याचे कारण सांगण्यासाठी थोडे घरगुती बोलावे लागेल.

माझी सध्याची नेमणूक तुंगभद्रेच्या काठी, होसपेटच्या बाजूस आहे. येथील उन्हात लोकरी कोटाचा उपयोग शून्य. उत्तरेकडील नेमणुकीत शिवलेला माझा तपकिरी कोट ट्रंकेत नुसता पडून होता. गेल्या पावसाळ्यात आमच्या सौभाग्यवतींनी त्याचे अस्वल केले. आधी वर्तमानपत्रावर आकार काढले. कानाचे चार, पोटाचे दोन, पायांचे आठ असे तुकडे बेतले. उलट्या बाजूने शिवण घालून ते सुलटे केले आणि लाटण्याच्या टोकाने कापूस दाबून दाबून भरला. हातपाय जाड दोऱ्याने आणि आतून लावलेल्या गुंड्यांनी जोडले, म्हणजे ते फिरते राहतात. डोळे सर्वांत शेवटी. दोन काळ्या गुंड्या चेहऱ्यावर टाचणीने तात्पुरत्या लावून ती कितीतरी वेळ पाहत बसली होती. गुंड्या किंचित वर सरकल्या की अस्वल दचकल्यासारखे दिसे. जवळ आल्या की कावेबाज. थोड्या खाली आणि दूर नेल्या की ते निरागस होई. सहा संध्याकाळी गेल्या. चार वर्षांच्या आमच्या कन्येने त्याचे नाव ‘साहेब’ ठेवले आहे, आणि दिवसभर ज्या नावापुढे मी अदबीने उभा असतो ते रात्री तिच्या काखेत असते, याचे मला थोडे समाधान वाटते हे लपवीत नाही.

या सहा संध्याकाळी मला एक गोष्ट दिसली. विकत आणलेली वस्तू एकदम, पूर्ण होऊन आपल्या हाती येते. तिला आगापिछा नसतो. हाताने घडविलेली वस्तू मात्र घडताना दिसते. तिचा प्रत्येक अवयव कोणीतरी लक्ष देऊन केला आहे, हे घरातल्या लहान मुलालाही कळते. येथून जवळच कोप्पळ जिल्ह्यात किन्नाळ गावचे चित्रगार हलक्या लाकडाची रंगीत खेळणी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. आपल्याकडे सावंतवाडीला तेच चालते, आणि विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवितात. या खेळण्यांशी खेळणारे मूल नकळत एवढे शिकते की, एखादी वस्तू असणे ही फुकटची गोष्ट नव्हे. तिच्यामागे कोणाचे तरी कष्ट असतात, आणि मोडली तर ती सहजासहजी परत येत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यांचे मत असे होते की, जनावरांशी क्रूरपणे वागणाऱ्याचे मन माणसांविषयीही निबर होत जाते. जनावरांवरची दया म्हणजे एका अर्थी माणुसकीचा सराव. मी एक पायरी खाली उतरून म्हणेन की, खेळण्याला जपणे हा त्या सरावाचाही सराव आहे. कापडाच्या अस्वलाला वेदना नसतात. परंतु त्याला आपटू नये असे ज्या मुलाला वाटले, त्याच्या मनात एक दार उघडले गेले.

तेव्हा खेळण्याला कुशीत घेण्यात ढोंग नाही. कुशीत घेतले जाणे हाच त्याचा धर्म; त्यासाठीच ते जन्माला आले. आवडते ते घट्ट धरून ठेवावे, ही माणसाची जी आदिम ओढ, तिला खेळणे निरुपद्रवी वाट करून देते. दोष तेथून पुढे सुरू होतो. जो हात खेळण्यासाठी योग्य, तोच हात आपण जिवंत वस्तूवर टाकतो, तेव्हा.

याचे उदाहरण आपल्याच देशात, आपल्या वडिलांच्या पिढीने रस्त्यावर पाहिलेले आहे. डमरू वाजवीत दरवेशी यायचा, दोरीला अस्वल असायचे. अस्वल नाचले की पोरे टाळ्या पिटीत. धीट व्हावीत म्हणून आया लेकरांना त्याच्या पाठीवर बसवीत. त्याच्या केसांचे ताईत बांधीत. म्हणजे लोकांना ते अस्वल आवडत नव्हते असे नाही. आवडत होते, आणि हीच खरी विचार करण्याजोगी गोष्ट आहे. त्या नाचाच्या मागे काय होते? आईपासून तोडलेले पिलू, तापल्या सळईने भोसकलेले नाक, त्यातून ओवलेली दोरी आणि पाडलेले दात. दोरीला हिसका बसला की ते वेदनेने पाय उचले. बघणाऱ्याला तो नाच वाटे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे निषिद्ध झाले, तरी प्रथा चालूच राहिली. प्राणिमित्र संस्थांनी कलंदर समाजातील कुटुंबांना दुसरे धंदे काढून दिले, मुलांच्या शिक्षणाची सोय केली, आणि मग एकेक अस्वल सुटत गेले. २००९ च्या अखेरीस देशातील रस्त्यावरचे शेवटचे अस्वल सोडविल्याचे जाहीर झाले. या हकिकतीत मला फार महत्त्वाचे वाटते ते हे की, नुसत्या कायद्याने दोरी सुटली नाही. दोरीचे एक टोक अस्वलाच्या नाकात होते, तर दुसरे दरवेशाच्या पोटाला बांधलेले होते. दोन्ही टोके सोडवावी लागली.

आता दुसऱ्या अस्वलाकडे वळतो. होसपेटहून हंपीची वाट धरून कमलापूरच्या पुढे गेले की दरोजीचे अस्वल अभयारण्य लागते. कर्नाटक शासनाने १९९४ साली ते राखून ठेवले. रविवारी सकाळची कामे आटोपून, डबा बरोबर घेऊन निघावे. एका बाजूस तुंगभद्रेच्या कालव्याने भिजलेली केळीची आणि उसाची हिरवीगार शेते, दुसऱ्या बाजूस कोणी राक्षसाने खेळता खेळता टाकून दिल्यासारख्या शिळांच्या राशी. बाभळीवर सुगरणींची घरटी, तारेवर नीळकंठ, आणि वाटेत एखाद्या टपरीवर मिरचीभज्यांबरोबर कन्नडात घातलेल्या चार मोडक्यातोडक्या गप्पा. यांपैकी कशासाठीही फारसे पैसे पडत नाहीत आणि कशाचीही पावती मिळत नाही.

अभयारण्यात एक मनोरा आहे. समोरच्या टेकडीवरील खडकांवर वनरक्षक गुळामधाचे मिश्रण माखून जातात आणि दुपार कलली की अस्वले येतात. आधी मोर येतात, मुंगूस येऊन जाते. मग दोन शिळांच्या फटीतून काळोखाचाच एक गोळा सुटावा तसे अस्वल बाहेर पडते. केस विस्कटलेले, छातीवर मळकट पांढरी खूण, चाल डुलत डुलत. एखादी मादी पिलांना पाठीवर घेऊन येते. पिलांना असे वाहून नेण्याची रीत इतर जातींच्या अस्वलांत सहसा आढळत नाही. १७९१ साली इंग्लंडातील एका प्राणिशास्त्रज्ञाने याची लांब नखे पाहून याला ‘स्लॉथ’ नावाच्या आळशी प्राण्याच्या कुळात घातले, आणि चूक कळूनही इंग्रजीत याचे नाव तेच राहिले. वास्तविक ही नखे वारुळे फोडण्यासाठी आहेत. वरच्या दातांतील मधले दोन दात याला नसतात. त्या फटीतून हा वाळवी अशी जोराने ओढतो की तो आवाज दूरवर ऐकू यावा. बोरे, जांभळे, मोहाची फुले, मध : याचा संसार एवढ्यावर चालतो.

त्या मनोऱ्यावरून पाहताना जो आनंद होतो, त्याचे स्वरूप मी स्वतःशी तपासून पाहिले आहे. ‘साहेबा’ला कुशीत घेण्याचा आनंद आणि हा आनंद यांची जात वेगळी. येथे आपल्याला काही मिळत नाही. अस्वलाला आपली ओळख नाही, गरज नाही, कौतुक तर नाहीच नाही. त्याने आपल्याकडे एकदाही मान वर करून पाहिले नाही, तरी आपला जीव भरून येतो. आपल्याशिवाय जग आहे, आणि ते इतके भरलेले आहे, या जाणिवेचा तो आनंद असावा. गुळाचा लेप ही त्यात माणसाने केलेली लबाडी आहेच. पाहण्याच्या लोभाने आपण त्याला सवय लावतो, हेही विसरता येत नाही. अगदी निर्लेप असे प्रेम आपल्या हातून क्वचितच होते. परंतु दोरी आणि लेप यांत अंतर आहे. लेप चाटून अस्वल परत जाऊ शकते.

येथे एक रोकडा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मनोऱ्यावरून माया करणे सोपे; ज्याला त्याच अस्वलाच्या रानात पहाटे मोहाची फुले वेचायला जावे लागते, त्याने काय करावे? अस्वल अवचित समोर आले तर बिथरून अंगावर येते आणि थेट तोंडा-डोक्यावर पंजे मारते. विदर्भातल्या गावागावांतून अशी फाटलेल्या चेहऱ्याची माणसे आहेत. आपण दुरून आनंद घ्यावा आणि त्याची किंमत दुसऱ्याने द्यावी, हा न्याय नव्हे. मग मालकी नको म्हणणारी ही माया फुकटची चैन ठरते. ती तशी ठरू नये, तर तिने काही देणे पत्करले पाहिजे. अस्वलाच्या हल्ल्यात सापडलेल्या माणसाच्या नुकसानभरपाईचा अर्ज कोठल्या ना कोठल्या मेजावर येतो. त्या मेजामागे आपल्यासारखाच कोणीतरी बसलेला असतो. तो कागद वेळेवर पुढे सरकला, तर गावकऱ्याच्या मनातली अस्वलाविषयीची चीड थोडी तरी निवते. तो दप्तरात कुजत पडला, तर पुढच्या खेपेस कुऱ्हाड उगारली जाते. वन्यप्राण्यांवरची आपली माया खरी की खोटी, याची कसोटी मनोऱ्यावर लागत नाही. ती त्या मेजावर लागते.

आणि येथे माझा विषय आपणां सर्वांच्या आयुष्याशी येऊन भिडतो. बदलीच्या माणसाचे कोठलेच गाव त्याचे नसते. राहतो ते घर सरकारी. दारातला कडुनिंब आधीच्या कोणी लावलेला. अंगणातल्या पपईला फळ धरते न धरते तोच हुकूम हातात पडतो. ईशावास्य उपनिषदाने पहिल्याच मंत्रात त्यागपूर्वक भोगाचा उपदेश केला आहे. आपल्याला तो भोग नोकरीच्या नियमांनीच प्राप्त करून दिला आहे, असे विनोदाने म्हणता येईल. परंतु मालकी नाही म्हणून आसक्ती सुटतेच असे नाही, आणि आसक्ती सुटली म्हणजे माया उरतेच असेही नाही. बदलीच्या माणसाला खरा धोका आसक्तीचा नसतो, बेफिकिरीचा असतो. ‘आपल्याला थोडेच येथे कायम राहायचे आहे!’ हे वाक्य आपल्या बिऱ्हाडांतून किती वेळा उच्चारले जाते! या एका वाक्याच्या आधारावर माणूस शेजाऱ्याची भाषा शिकत नाही, नळ गळत असला तर गळू देतो, झाडाला पाणी घालीत नाही, आणि तीन वर्षे एखाद्या गावात राहूनही त्या गावाला न भेटता निघून जातो. ज्याला धरून ठेवता येत नाही त्याच्याशी काही नातेच नको, हाही मालकीच्याच हट्टाचा उलटा प्रकार नव्हे काय?

म्हणून मला वाटते की, मालकीवाचून केलेली माया ही मालकीच्या मायेपेक्षा कमी कष्टाची नसते. उलट तिच्यात अधिक करावे लागते आणि परत काही मागता येत नाही. कडुनिंब लावणाऱ्या त्या अनोळखी माणसाने सावली कोणाला मिळणार, हे पाहिले नव्हते. दरोजीचे रान राखणाऱ्या वनरक्षकाचे त्यातले एकही झाड स्वतःचे नाही. आपल्या आनंदाचा विषय आपल्याहून स्वतंत्र आहे, तो तसाच राहावा यासाठी आपण काही झिजावे, आणि निघायची वेळ आली की किल्ली मुकाट्याने पुढच्याच्या हाती द्यावी, अशी ती माया आहे.

लहान मुलाला हे सांगून उपयोग नाही आणि सांगूही नये. त्याच्या हातात कापडाचे अस्वल द्यावे आणि ते हवे तितके घट्ट धरू द्यावे. धरण्याची भूक जेथे पुरती भागते, तेथेच पुढे कधी तरी हात सैल करण्याचे बळ येत असावे. पण पस्तिशी ओलांडलेल्या, चार गावांचे पाणी प्यालेल्या माणसाने मात्र आपण कोणत्या अस्वलाजवळ आहोत, हे ओळखायला हवे. पुढल्या बदलीचा हुकूम येण्याआधी यंदाच्या पावसाळ्यात दारात एखादे शेवग्याचे रोप लावावे, असा माझा विचार आहे. शेंगा कोणीही खावोत.